विचारलंच नव्हतं: खान्देशातल्या एका जोडप्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाई तिशीच्या मध्यावर, नवरा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. माणसं अमळनेर-चोपडा पट्ट्यातली. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. लिहायला दोघांचीही परवानगी आहे.

नवरा सुरतला लूमच्या कारखान्यात कामाला. खान्देशातल्या कितीतरी घरांसारखं हे घरही तापी लाइनच्या, म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाच्या गाड्यांवर चालतं. पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी रात्री उतरायचं आणि सोमवारी पहाटे परत. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. बाहेरच्या खोलीत सासू आणि दोन मुलं. नवरा-बायकोला एकांत मिळायचा तो महिन्यातल्या तीन-चार रात्री, आणि तोही श्वासाचा आवाज बाहेर जाणार नाही अशा बेतानं. पुढचं सगळं समजायला हे ध्यानात ठेवावं लागतं. वेळ थोडा असला की माणूस विचारत नाही, उरकतो.

दुसऱ्या बाळंतपणात तिला टाके पडले होते. त्यानंतर संबंधाच्या वेळी दुखायचं. तिनं एका दवाखान्यात सांगून पाहिलं. ‘होईल हळूहळू बरं’ एवढंच उत्तर आलं, तपासलं कुणी नाही. नवऱ्याला ती काही बोलली नाही. पण तिचं अंग चोरणं त्याला कळत होतं, आणि आपणच कुठे तरी कमी पडतोय असं त्यानं मनाशी धरलं होतं.

सुरतच्या खोलीवर राहणाऱ्या सोबत्यांपैकी कुणीतरी त्याला व्हायब्रेटरबद्दल सांगितलं. त्यानं मोबाइलवर शोधून ‘बॉडी मसाजर’ या नावानं विकली जाणारी सर्वांत स्वस्त वस्तू मागवली. गुलाबी, मऊ, आत दोन पेन्सिल सेलची मोटर. घरी आला त्या रात्री दिवा मालवल्यावर बॅगेतून काढून त्यानं ती वापरली. आधी दाखवली नाही, काय आहे ते सांगितलं नाही, चालेल का म्हणून विचारलंही नाही. ती दचकली. बाहेर सासू जागी होती म्हणून तोंडातून शब्द काढला नाही.

पुढच्या खेपांना दोनदा तिनं हातानं ती वस्तू बाजूला सारली. ती लाजतेय असं समजून तो थांबला नाही.

अडचण कशी वाढली

वस्तू कोरडी लागायची म्हणून खोबरेल तेल लावलं जायचं. पाळणा लांबवण्यासाठी ही दोघं सरकारी दवाखान्यातून मिळणारे निरोध वापरायची, त्यावरही तेच तेल. वापरून झालं की तो जंतुनाशकाच्या पाण्यानं वस्तू पुसायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि बिस्किटाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवायचा. आपण स्वच्छता पाळतोय असं त्याला मनापासून वाटत होतं.

चैत्रात तिला जळजळ सुरू झाली. मग खाज, मग अंगावरून दह्यासारखं पांढरं जाऊ लागलं. मेडिकलवाल्याकडून ‘खाजेची ट्यूब’ आणली. अशा बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं, मग त्रास दुप्पट होतो. तिचंही तेच झालं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. लेकी माहेरी जातात तशी तीही गेली. आठ दिवसांसाठी गेलेली बाई तीन आठवडे झाले तरी परतेना. सासरच्यांना वाटलं माहेरचे कान भरताहेत, माहेरच्यांना वाटलं सासू छळते. दोन्हीकडचे मामा-काका बसून बैठक घ्यायची भाषा करू लागले. लघवीला जाताना ती भिंतीला धरून उभी राहते हे वहिनीनं पाहिलं. तीच तिला मी समुपदेशक म्हणून बसते त्या जळगावच्या दवाखान्यात घेऊन आली.

पहिली भेट

वहिनीला चहाला पाठवलं. सोबत कितीही जवळचं माणूस असलं, तरी बाईशी पहिली पंधरा-वीस मिनिटं एकटीशीच बोलायचं हा आमच्याकडचा नियम आहे. हा नियम नसता तर हे प्रकरण ‘पांढरं जातंय’ एवढ्यावरच मिटलं असतं.

बराच वेळ ती सासूबद्दलच बोलत राहिली. मग पिशवीतून वर्तमानपत्राची एक गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. माळ्याची साफसफाई करताना सासूच्या हाती लागेल या भीतीनं ती वस्तू बरोबरच घेऊन आली होती. म्हणाली, ‘माले पटनं नही ताई. पण मी बोलनू नही.’

आधी सुरक्षिततेचे प्रश्न विचारले. मारतो का? दारू? नाही म्हटल्यावर काय होतं? त्याची भीती वाटते का? मारहाण नव्हती. भीती त्याची नाही, पण ‘त्या रात्रींची’ वाटते, असं ती म्हणाली. तो दूर असताना फोनवर काय चालतं तेही विचारलं. सुरतहून एकदा व्हिडिओ कॉलवर ती वस्तू वापरून दाखव असा हट्ट त्यानं केला होता. तिनं फोन ठेवून दिला होता. घरात तो एकच मोबाइल आणि सगळ्यांच्या हातात फिरणारा.

इथे पहिला निर्णय होता: कशापासून सुरुवात करायची? तिला वेदना होत होत्या, म्हणून आधी उपचार ठरले. नवऱ्याला लगेच फोन करायचा नाही, हेही ठरलं. ती तयार होईपर्यंत तिच्या बाजूनं बोलायचा हक्क आम्हाला नव्हता.

तपासणी

आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी हातमोजे घालण्याआधी तिला सांगितलं: काय करणार ते आधी सांगेन, तुम्ही ‘थांबा’ म्हणालात की लगेच थांबेन. तपासणीच्या मध्येच ती अगदी हळू ‘थांबा’ म्हणाली. डॉक्टर थांबल्या, हात मागे घेतला आणि तिनं मान हलवेपर्यंत वाट पाहिली. अंगाला हात लावणाऱ्या माणसाला आपण थांबवलं आणि ते माणूस थांबलं, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं, असं ती नंतर मला म्हणाली. पुढे नवऱ्यासमोर ती जे बोलू शकली, त्याची सुरुवात मला त्या टेबलावर झालेली दिसते.

बुरशीचा संसर्ग झाला होता. बाहेरच्या नाजूक त्वचेला जंतुनाशकामुळे आणि त्या ट्यूबेमुळे इजा झाली होती, एक बारीक चीर पडली होती. टाक्यांच्या जागी वण घट्ट झालेला होता आणि तिथे बोट लागताच ती कळवळायची. गर्भचाचणी करून घेतली, कारण तेलानं लेटेक्सचा निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो. चाचणी निगेटिव्ह आली. एचआयव्ही आणि गुप्तरोगाच्या तपासण्या समजावून सांगून, तिच्या होकारानं केल्या. त्याही निगेटिव्ह आल्या.

मग ती वस्तू पाहिली. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळाभर राहून ती चिकट झाली होती आणि नव्या रेनकोटसारखा उग्र वास येत होता. वर्तमानपत्राची शाई पृष्ठभागात मुरली होती. केळीच्या रोपांच्या जाहिरातीतली अक्षरं उलटी उमटलेली दिसत होती. डॉक्टरांनी तिला तीच अक्षरं दाखवली. शाई जशी आत मुरली, तसे तेल आणि जंतूही मुरतात. वरून कितीही पुसलं तरी निघत नाहीत. जेली रबर किंवा मऊ पीव्हीसीच्या स्वस्त वस्तू सच्छिद्र असतात, आणि त्यांना मऊपणा आणण्यासाठी अनेकदा थॅलेट्स नावाची रसायनं घातलेली असतात. शुद्ध सिलिकॉन, स्टेनलेस स्टील, कडक एबीएस प्लास्टिक यांना अशी छिद्रं नसतात, म्हणून ती नीट धुता येतात.

कोणते पर्याय होते

वहिनीचं मत सरळ होतं: ती घाण फेकून द्या, नवऱ्याला दोन शब्द सुनवा आणि नांदायला जा. त्यात सोय होती, पण दुखणं आणि गप्प बसणं दोन्ही तसंच राहिलं असतं.

दुसरा पर्याय बैठकीचा. तिनं तो ऐकताच नाकारला, आणि बरोबरच केलं. अंथरुणातली गोष्ट दहा पुरुषांच्या ओट्यावर गेली की निवाडा इभ्रतीचा होतो, बाईच्या शरीराचा होत नाही.

तिसरा पर्याय तक्रारीचा. तो तिच्यापुढे पूर्ण मांडणं माझं काम होतं. बायको अठरा वर्षांवरची असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधला अपवाद नवऱ्याला बलात्काराच्या गुन्ह्यातून बाहेर ठेवतो. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा लैंगिक छळाला हिंसाच मानतो. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मागता येतो. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं, नंबर वहिनीच्या फोनमध्ये वेगळ्या नावानं ठेवला आणि म्हणाली, ‘आत्ता नको. पण आहे हे कळलं ते बरं झालं.’

चौथा पर्याय, उपचार पूर्ण होईपर्यंत माहेरीच राहायचं आणि मग नवऱ्याला एकट्याला बोलवायचं. तिनं हा निवडला. मारहाण किंवा धमकी असती तर दोघांना एकत्र बसवायला मी तयार झाले नसते. तशा घरात खोलीत बोललेल्या शब्दाची वसुली रात्री होते.

काय केलं

उपचार साधे होते. बुरशीवर योनीत ठेवायच्या गोळ्या, ती ट्यूब बंद, साबण आणि जंतुनाशक बंद, फक्त साधं पाणी. पूर्ण बरं होईपर्यंत संबंध नाही. वणासाठी नंतर हलका मसाज आणि ओटीपोटाखालचे स्नायू सैल सोडायचे व्यायाम शिकवले. दुखण्याच्या धास्तीनं ते स्नायू आपोआप आवळले जातात आणि त्यामुळे आणखी दुखतं.

महिन्याभरानं तिनं स्वतः नवऱ्याला फोन केला. तो सुट्टी टाकून आला. आधी मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. तो खाली पाहत बसला होता. आपल्यावर पोलीस केस होणार या धास्तीनंच आला होता, कारण अशी वस्तू बाळगणं गुन्हा आहे असं त्यानं ऐकलं होतं. घरात प्रौढ माणसानं अशी वस्तू ठेवणं-वापरणं गुन्हा ठरवणारं कलम नाही. अश्लील वस्तूंची विक्री आणि प्रदर्शन यांवर न्याय संहितेचं कलम २९४ आहे, आणि वाद होतात ते त्याच्या अर्थावरून. बॉडी मसाजर अश्लील म्हणून अडवण्याची कस्टम्स खात्याची भूमिका मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये मान्य केली नाही. हे ऐकून त्याचा चेहरा सैल झाला. मग मी म्हटलं, वस्तूबद्दल तुमची काही चूक नाही. तिनं दोनदा हात सारला त्याचं बोलू. तो बराच वेळ गप्प बसला.

‘मी तिच्यासाठीच आणलं होतं,’ तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. हेतू चांगला असला म्हणजे परवानगी मिळाली असं आपल्याकडचे अनेक पुरुष प्रामाणिकपणे धरून चालतात. तिचा हात त्यानं नकार म्हणून वाचलाच नाही, कारण चांगली बाई आधी नाही म्हणते आणि मग मानते, हेच तो लहानपणापासून ऐकत आला होता.

दोघं एकत्र बसली तेव्हा तिनं जे सांगितलं ते मलाही अनपेक्षित होतं. ‘अहो, त्या मशीनचा मला राग नाही. बाहेरून लावलं तेव्हा एकदा बरंही वाटलं होतं. तुम्ही विचारलं नाही, याचा राग आहे. आणि मी हात बाजूला केला तेव्हा तुम्ही ऐकलं नाही, त्याचा जास्त.’

या वाक्यानं प्रकरणाची दिशा बदलली. तोवर वहिनी, आमच्याकडची नर्स आणि स्वतः नवरा, सगळे ‘ती वस्तू वाईट’ असं धरून बोलत होते. तो तिथल्या तिथे शपथ घ्यायला निघाला की पुन्हा असलं काही घरात आणणार नाही. मी त्याला थांबवलं. ती शपथ म्हणजे पुन्हा तिला न विचारता घेतलेला निर्णयच झाला असता.

मग ठरलं ते असं. विचारायचं ते अंथरुणात नाही, दिवसा. शनिवारी गाडीत बसण्याआधी फोनवर. ‘हो’ आलं तरी ते त्या रात्रीपुरतं, आणि मध्येच मागे घेता येतं. बाहेर सासू असल्यानं मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून तिनं त्याच्या मनगटावर दोनदा थोपटलं की सगळं तिथेच थांबणार. ‘का?’ हा प्रश्न त्या वेळी नाही. गप्प राहणं म्हणजे होकार नाही. व्हिडिओ कॉलवर काहीही नाही. तिच्या परवानगीशिवाय असं चित्रण करणं हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, मग करणारा नवरा का असेना, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

वापराबद्दल डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. जुनी वस्तू टाकून द्या. सेल काढून ते वेगळे द्या, कचऱ्यात एकत्र टाकू नका. पुढे कधी घ्यायचीच ठरली तर शुद्ध सिलिकॉनची, छोटी, बाहेरून वापरायची. खोबरेलऐवजी मेडिकलमध्ये मिळणारं पाण्याचा बेस असलेलं वंगण, कारण निरोध आणि सिलिकॉन दोन्हीला ते चालतं. सिलिकॉनचं वंगण सिलिकॉनच्या वस्तूला खराब करू शकतं. आधी आणि नंतर बिनवासाच्या सौम्य साबणानं कोमट पाण्यात धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, सुती पिशवीत ठेवायचं, माळ्यावर नाही. मोटर असलेली वस्तू उकळायची नाही आणि चार्जिंगला लावलेली असताना वापरायची नाही. दोघांनी वापरायची तर निरोध चढवून, आणि मध्ये तो बदलून. बधिर करणारं मलम नको, कारण दुखणं हीच थांबण्याची सूचना असते.

नवऱ्यानं चाचरत गुदद्वाराबद्दल विचारलं. डॉक्टर स्पष्ट बोलल्या: खाली रुंद बूड नसलेली कोणतीही वस्तू तिथे घालायची नाही, ती आत खेचली जाते. तसं झालंच तर घरी काढायचा प्रयत्न नाही, जुलाब व्हायचं औषध नाही, सरळ दवाखाना. आणि तिथे वापरलेली वस्तू न धुता योनीजवळ आणायची नाही. हे बोलताना त्यांच्या आवाजात ना कुजबुज होती ना हसू. खोलीतली लाज निम्मी त्यामुळेच गेली.

परिणाम

ती आषाढ लागण्याआधी सासरी गेली. पहिले दोन महिने त्यांनी कोणतीही वस्तू आणली नाही. पहिल्या खेपेला त्यानं फोनवर विचारलं आणि ती ‘नको’ म्हणाली. तो आला, जेवला, झोपला. दुसऱ्या खेपेलाही ‘नको’, तेव्हा तो रुसला आणि रविवारभर तिच्याशी तुटक बोलला. तिनं मला फोन केला. मी त्याच्याशी बोलले: ‘नाही’ म्हटल्यावर दिवसभर तोंड फुगणार असेल, तर पुढचं ‘हो’ त्या फुगलेल्या तोंडाला टाळण्यासाठी येईल. हे त्याला पटायला वेळ लागला. मारहाण नसलेल्या घरांत दबाव बहुतेक असाच असतो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

दिवाळीच्या आसपास दोघांनी मिळून एक छोटं सिलिकॉनचं यंत्र निवडलं. निवड तिची. पार्सल सुरतच्या पत्त्यावर. वापरताना ते तिच्याच हातात असतं. दुखणं बरंच कमी झालं आहे, पूर्ण गेलेलं नाही. मनगटावर थोपटायची वेळ एकदा आली, आणि तो थांबला.

सगळं जुळून आलं असं मी म्हणणार नाही. त्या दोन रात्री ती विसरलेली नाही. त्यानं माफी मागितली आहे, तिनं ती ऐकून घेतली आहे, पण माफ केलं असं अजून म्हटलेलं नाही. तिनं तसं म्हणावं म्हणून कुणी मागे लागू नये, हेही आम्ही वहिनीला सांगितलं. सासूला यातलं काहीच माहीत नाही, आणि तसंच राहावं ही तिचीच इच्छा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बाळंतपणानंतर पहिल्यांदा ती दवाखान्यात दुखतंय म्हणाली, तिथेच तपासणी व्हायला हवी होती. वण तेव्हाच सापडला असता, आणि नवऱ्यानं आपल्या परीनं उपाय शोधत बसायची वेळ आली नसती. टाके पडलेल्या प्रत्येक बाईला सहा आठवड्यांच्या भेटीत ‘संबंधाच्या वेळी दुखतं का?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट पुरतं.

नवऱ्यानं पार्सल घरी नेण्याआधी वस्तूचा फोटो दाखवून ‘बघायचं का?’ असं विचारलं असतं, तर कदाचित ती नाही म्हणाली असती. तेही चांगलंच झालं असतं. पहिल्याच रात्री तिला ओरडता आलं नाही, यात तिचं काही चुकलं नाही. अंग आखडणं, गप्प होणं, हात सारणं हे नकारच असतात, आणि ते वाचण्याची जबाबदारी करणाऱ्यावर असते.

मेडिकलवाल्यानं न विचारता ट्यूब देण्याऐवजी डॉक्टरकडे पाठवलं असतं, तर महिना वाचला असता. आमच्याकडे पुरुषांशी बोलायला पुरुष समुपदेशक नाही, तो असता तर नवऱ्याचं सत्र लवकर मोकळं झालं असतं. सुरतला राहणाऱ्या लोकांच्या सुट्ट्या होळी, आखाजी आणि दिवाळीला असतात. त्या आठवड्यांत संध्याकाळी उशिरापर्यंत समुपदेशन चालू ठेवण्याची मागणी आम्ही आता दवाखान्याकडे केली आहे.